चालता संगणक भंगारात का घालावा?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. ज्यांनी नोंदणी केली त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदत मिळाली, इतकेच. पुढचे ‘विंडोज ११’ घ्यावे, तर त्याला ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. २०१८च्या आधीच्या बहुतेक घरगुती संगणकांना ही अट झेपत नाही. यंत्र सुरू होते, पडदा उजळतो, कळफलक चालतो. पण कंपनीच्या लेखी ते बाद! आमच्या खंडाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी मुलाच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतलेले असे संगणक पुष्कळ घरांत असतील. मुलगा शिरवळच्या कारखान्यात किंवा पुण्याला नोकरीला लागतो आणि संगणकावर कापडी आच्छादन पडते. ते यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी लिनक्सचा विचार करावा, असे माझे सांगणे आहे.

लिनक्स हे नाव ऐकून बिचकायला नको. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. त्याला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातल्या साधनांची जोड मिळाली. हा गाभा घेऊन निरनिराळ्या मंडळींनी जे तयार संच बांधले, त्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात. ज्वारी एकच, भाकरी घरोघरची वेगळी. १९९३ साली डेबियन सुरू झाले, त्यावरून २००४ साली उबुंटू आणि उबुंटूवरून २००६ साली लिनक्स मिंट. माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्यांना तर यात परके काही नाही. १९९०च्या दशकात खातेवह्या काळ्या पडद्यावर आल्या, तेव्हा कित्येक शाखांतली यंत्रे युनिक्सवर चालत. लिनक्स त्याच घराण्याच्या चालीने चालते.

यातला कोणता संच उत्तम, यावर जाणकारांचे वाद संपत नाहीत. घरच्या माणसाने त्यात पडू नये. पत्रे लिहिणे, हिशेब मांडणे, इंटरनेट पाहणे, नातवंडांशी बोलणे एवढेच काम असेल, तर मिंट किंवा उबुंटूची ‘एलटीएस’ आवृत्ती पुरे. दोन्हींना पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मोफत मिळतात. मिंटला कमीत कमी दोन जीबी रॅम लागते. चार असेल तर बरे. यंत्र अगदी मंद असेल, तर मिंटचाच ‘एक्सएफसीई’ हा हलका प्रकार घ्यावा. शेजारी किंवा भाचा यांपैकी कुणी एखादा संच आधीच वापरत असेल, तर डोळे झाकून तोच निवडावा. अडल्यावर विचारायला माणूस जवळ असणे हा गुण कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात सापडत नाही.

बसवण्याची रीतही सोपी आहे. प्रथम घरातली छायाचित्रे आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. मग आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर संच तयार करून संगणक त्यावरूनच सुरू करावा. हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स असे चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि देवनागरी या चार गोष्टी तिथेच तपासाव्यात. सगळे ठीक असेल तरच पुढे जावे. कारण संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय एकदा स्वीकारला, की मागचे काही उरत नाही.

देवनागरीपाशी मात्र मराठी माणसाने थोडे थांबावे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण ज्या फाँटमध्ये लिहीत होतो, त्यांतल्या अनेकांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर अख्खे प्रकरण इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडते. कितीतरी लेखकांची हस्तलिखिते, संस्थांची इतिवृत्ते, वंशावळी अशा फायलींत अडकून आहेत. जुना संगणक पुसण्याआधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून, निदान कागदावर छापून घ्यावीत. हे काम विंडोजवर राहणाऱ्यांनाही चुकलेले नाही. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच, १९९१ साली, देवनागरीला जागा मिळाली होती. लिनक्सवर इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमध्ये जाऊन निवडता येतो, देवनागरी फाँट मोफत मिळतात आणि लिब्रेऑफिसात मराठी नीट लिहिता येते.

काही कामांना लिनक्स सोयीचे नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याचे दुकान टॅलीवर चालते, त्याने विंडोज सोडू नये. टॅलीची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण वापरणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

बाकीच्यांना अडवते ती सवय. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या लोकांचा हात संगणकावर बसवला, हे त्याचे श्रेय मोठे. पण तो हात बसला विंडोजवर. केरळने सरकारी शाळांमध्ये मुक्त प्रणाली आणून दाखवली आणि तिथली मुले तीवरच शिकली. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव आमच्याच तालुक्यात आहे. ३ जानेवारीला तिथे ज्ञानाची दारे उघडण्याविषयी भाषणे होतात. बाद ठरलेले दहा संगणक मराठी कळफलकासह तालुक्यातल्या वाचनालयांत चालू केले, तर त्या भाषणांना जोड मिळेल. त्यासाठी निधीची वाट पाहायला नको. दोन उत्साही मुले, एक पेनड्राइव्ह आणि एक रविवार एवढ्यावर सुरुवात होते.