ईएलसीबी सारखा पडतोय म्हणून काढून टाकलाय?

"डॉक्टर, तसा शॉक मला बऱ्याच वेळा बसलाय, काही होत नाही." हे वाक्य पावसाळ्यात माझ्या ओपीडीत हमखास ऐकायला मिळते. बोलणारा बहुधा घरचा हौशी वायरमन असतो. हातात टेस्टर, पायात रबरी चप्पल आणि बोर्ड उघडायला कोणाची परवानगी नको!

आधीचे शॉक पचले याचा अर्थ पुढचाही पचेल असे नाही. घरातला दाब २३० व्होल्ट, तो रोज साधारण तेवढाच. रोज बदलते ती आपली त्वचा. कोरडी, जाड कातडी विजेला चांगलाच विरोध करते. तीच ओली किंवा घामेजलेली असेल तर शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो, आणि मग २३० मिलीअँपिअर प्रवाह वाहतो. १० ते २० मिलीअँपिअरला हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वायर सोडवत नाही. ५० ते १०० मिलीअँपिअर छातीतून गेला तर हृदय नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते, रक्त पुढे ढकलत नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो, ९ वॅटच्या एलईडी बल्बला सुमारे ४० मिलीअँपिअर लागतात. ज्या गीझरने काल नुसत्या झिणझिण्या आणल्या, तोच आज ओल्या अंगाने हात लावल्यावर जीव घेऊ शकतो. झिणझिण्या आल्या तेव्हाच त्याने सांगून टाकले होते, अर्थिंग गेलंय म्हणून.

"एमसीबी आहे की!" असेही सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. सहा अँपिअरची एमसीबी सहा हजार मिलीअँपिअरपर्यंत गप्प बसते. तोवर माणूस संपलेला असतो. माणसासाठी असतो तो ईएलसीबी, ज्याला आता आरसीसीबी म्हणतात. आत गेलेली आणि परत आलेली वीज यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात पुरवठा तोडतो. (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरलेत, तर मात्र तोही वाचवू शकत नाही.)

आणि नेमका हाच आपल्याकडे काढून टाकला जातो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५० फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पूर ओसरला की माणसे घर धुतात, बोर्ड उन्हात वाळवतात आणि मेन चढवतात. भिंत वरून कोरडी दिसते, पण आतल्या पाइपमध्ये ओल आणि गाळ कितीतरी दिवस राहतो. मग ईएलसीबी सारखा पडतो. दोन दिवस कटकट सोसून कोणीतरी तो वगळून लाईन डायरेक्ट करून देतो. घरात वीज कुठेतरी गळतेय असे ओरडून सांगणाऱ्याचेच तोंड आपण बांधतो. माझे मत स्पष्ट आहे : पुराचे पाणी शिरलेल्या घरात परवानाधारक वायरमनने वायरिंग तपासल्याशिवाय मेन चढवू नये, आणि मदतीच्या पैशातला पहिला खर्च यावर व्हावा. टीव्ही नंतर घेता येतो.

इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही काही पॉइंट जिवंत राहतात, हे घरच्या हौशी मंडळींना बऱ्याचदा आठवत नाही. ईएलसीबीवर टेस्टचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर बदला.

कोणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. तो शुद्धीत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तळपाय चोळण्यात आणि तोंडात पाणी घालण्यात मोलाची मिनिटे जातात.

शॉकनंतर चक्कर, छातीत धडधड, बेशुद्धी, हातापायात बधिरपणा यातले काही झाले असेल, किंवा वीज एका हातातून दुसऱ्या हातात गेली असेल, तर ईसीजी काढून घ्या. वरचा डाग छोटा असला तरी आतली इजा मोठी असू शकते. गरोदर बाईला शॉक बसला असेल, तर तिला बरे वाटत असले तरी त्याच दिवशी दाखवा.