मगावरचे नाव

लग्नात आलेल्या पातेल्यावर नाव घालून घ्यायची आपली रीत जुनी आहे. कासाराच्या दुकानात भांडे घ्यायचे आणि तिथेच टिंबाटिंबांनी नाव उठवून घ्यायचे. त्यामुळे शेजारच्या कार्याला गेलेले भांडे बिनचूक घरी परत येई. आता लोकांना नावाबरोबर फोटोही हवा असतो, आणि तोही चहाच्या मगावर. हे काम घरच्या घरी जमते का, असे काही भगिनी विचारतात. जमते. माझी धाकटी जाऊ कासार आंबोलीला ते करते. पिरंगुटजवळ, पौडच्या रस्त्याला हे गाव आहे. मुलींच्या सैनिकी शाळेमुळे पुष्कळांना ते ठाऊक असेल. घरची भातखाचरे सांभाळून तिने हा जोडधंदा धरला आहे.

यातली गंमत आधी समजून घ्या. देवापुढचा कापूर उघडा राहिला तर वितळत नाही, तरी कमी कमी होत जातो. घट्टाचा थेट वायू होतो. याला शाळेच्या पुस्तकात संप्लवन म्हणतात. मगावरच्या छपाईची शाईही याच जातीची. कागदावर चित्र छापायचे, तो कागद मगाला घट्ट गुंडाळायचा आणि १९०-२०० अंश सेल्सियस उष्णता द्यायची. शाईची वाफ होते आणि मगावर दिलेल्या प्लॅस्टिकसारख्या लेपात शिरून बसते. म्हणून साधा बाजारचा मग चालत नाही, लेप दिलेलाच लागतो. मग पांढराच घ्यावा, कारण या शाईत पांढरा रंग नसतो. चित्र आरशात दिसते तसे उलटे छापायचे, नाहीतर नाव उलटे उमटेल. प्रिंटरही शाई तापवून उडवणारा नको, दाबाने उडवणारा हवा. दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे.

एका वेळी एकच मग दाबणारे यंत्र मिळते. जाऊबाईंनी ते न घेता बचत गटाचे कर्ज काढून ओव्हन आणि सिलिकॉनचे सहा पट्टे घेतले, म्हणजे एका घाण्यात सहा मग निघतात. कागद आधी उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने डकवायचा, वर पट्टा चढवून त्याचे स्क्रू आवळायचे. दोन्ही बाजूंनी सारखे आवळायचे हे विसरू नये. कान आहे तिथे पट्टा ढिला राहतो आणि नेमके तिथेच चित्र पुसट येते.

पहिली मोठी मागणी आली ती संक्रांतीच्या वाणाची. गटातल्या बायकांचा फोटो घातलेले ३६ मग. दुपारी दोन घाणे झाले, बारा मग झकास उतरले. तिसरा घाणा दिवेलागणीला लावला. तितकीच मिनिटे, तोच काटा, पण सहाही मग फिकट, जणू चेहऱ्यांवर धुके आलेले. चौथ्याला तिने वेळ वाढवला, तर केसांचा काळा रंग तपकिरी झाला आणि कडा पसरल्या. बारा मग वाया गेले. कागद एकदा सोडवला की पुन्हा त्याच जागी बसवता येत नाही, म्हणून दुरुस्तीही नाही.

रात्री तिचा फोन आला. "अक्का, घड्याळ लावूनच काढलेत की हो! मग चुकलं कुठं?"

चुकले ते घड्याळावर विसंबण्यात. दिवेलागणीला घरोघरचे दिवे आणि पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब पडतो. २३० चा दाब १८० वर आला तर ओव्हनच्या तारेला रुपयातले साठ पैसेच उष्णता मिळते. ओव्हन हव्या त्या उष्णतेला पोचायला उशीर लागतो, आणि आपण मात्र मिनिटे मोजत बसतो. चौथ्या घाण्याला दाब पूर्ववत झाला आणि वाढवलेली मिनिटे अंगाशी आली. शिवाय दार उघडून सहा थंड मग आत ठेवले की उष्णता एकदम उतरते. दोन मगांना पुरणारा वेळ सहांना पुरत नाही.

आता ती ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापक वापरते. बाहेरच्या काट्यावर तिचा विश्वास नाही. तापमापक मगांच्याच उंचीवर ठेवते, ओव्हन आधी चांगला तापवते आणि तापमापक पुन्हा १९५ वर आला की तिथून पुढे तेरा मिनिटे मोजते. तिच्या ओव्हनला तेरा लागतात, तुमच्या ओव्हनला बारा किंवा पंधरा लागतील. म्हणून पहिले दोन-तीन मग चाचणीत जाणार हे धरूनच चालावे. मगांमध्ये बोटभर जागा सोडावी. आणि दिवेलागणीला छपाई करू नये, ही तिची स्वतःची शिस्त.

मुळशीच्या पावसाचा त्रास वेगळाच. कागद दमट झाला की आत पाण्याची वाफ होऊन चित्राला डाग पडतात. तांदळाच्या कोठीसारखा घट्ट झाकणाचा डबा कागदालाही लागतो. लावणीच्या दिवसांत प्रिंटरकडे पाहायला सवड नसते आणि शाई सुकून तोंडे तुंबतात. चार दिवसांआड एखादे रंगीत पान काढले तर बिघाडीचा खर्च वाचतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. या ओव्हनमध्ये पुन्हा नानकटाई किंवा पाव भाजू नये. शाईची वाफ आतल्या भिंतींना बसते. ओव्हन स्वयंपाकघराबाहेर, खिडकीशी ठेवावा, लहान मुले दूर ठेवावीत आणि त्याला अर्थिंग असलेला मोठा प्लग द्यावा.

हिशेबाचे म्हणाल तर विजेची भीती नको. १५०० वॉटचा ओव्हन वीस मिनिटे सतत चालला तरी अर्धे युनिट जळते. पैसा जातो तो बिघडलेल्या मगांत. त्या वाणाच्या वेळी जाऊबाईंनी बारा मग पुन्हा पुण्याहून आणले आणि हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री मागणी पुरी केली. हाती मजुरीसुद्धा राहिली नाही, पण गटाचा हप्ता चुकला नाही. आता दर ठरवताना ती डझनामागे एक मग बिघडणार असे धरते. वाणाची मागणी मार्गशीर्षातच घेते, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कागद छापत नाही आणि नावाचे शुद्धलेखन गिऱ्हाइकाकडून लिहून घेते.

ते फिकट मग तिने टाकले नाहीत. यंदा लावणीला आलेल्या बायकांना खाचराच्या बांधावर त्यांतूनच चहा दिला. स्वतःचा चेहरा कुठल्या मगावर आहे हे शोधण्यात त्यांचा अर्धा चहा निवून गेला.