दुर्मिळ फटफटी घ्यावी काय?

शाळेच्या फाटकासमोर एखादी जुनी फटफटी येऊन उभी राहिली, की घंटा झाली तरी मुलांचे पाय तेथून निघत नाहीत, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. अलीकडे या आवडीस नवीनच वळण लागले आहे. वरच्या वर्गांतील काही विद्यार्थी इटलीतील जुन्या, लहान इंजिनाच्या, शर्यतीच्या फटफट्यांची चित्रे वह्यांत जपून ठेवतात, आणि तशी एखादी विकत मिळाल्यास वडिलांनी ती घ्यावी की नाही, यावर मधल्या सुटीत कडाक्याचा वाद घालतात. पालकांनीही हाच प्रश्न आम्हांस विचारला, तेव्हा आमचे मत येथे मांडणे प्राप्त झाले.

ही आवड पोरकट आहे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. महायुद्धानंतर इटलीत लोकांजवळ पैसा थोडा होता. म्हणून तेथील कारागिरांनी आपली सारी बुद्धी लहान इंजिनांवर खर्च केली. १९५३ पासून बोलोन्या शहरातून ‘मोटोजिरो’ नावाची शर्यत सुटत असे व ती सार्वजनिक रस्त्यांवरून चाले. त्या शर्यतीकरिता फाबियो ताल्योनी या अभियंत्याने १९५५ साली डुकाटी कारखान्यासाठी ‘मारियाना’ ही फटफटी सिद्ध केली. तिच्या सिलिंडरचा व्यास ४९ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ५२ मिलिमीटर, आणि सारे आकारमान ९८ घन सेंटिमीटर. म्हणजे आपल्या घरच्या चहाच्या पेल्यातही ते सहज मावेल! एवढ्याशा इंजिनाच्या माथ्यावरील झडपा चालविण्यासाठी एक उभा दांडा व शंकूच्या आकाराची दातेरी चक्रे बसविलेली होती. ज्या मुलास हे पाहून कौतुक वाटत नाही, त्याची आम्हांस थोडी काळजीच वाटेल.

परंतु या कथेचा शेवटही मुलांनी वाचला पाहिजे. १९५७ च्या मे महिन्यात ‘मिले मिल्या’ या मोटारींच्या शर्यतीत एका गाडीचा टायर फुटून ती प्रेक्षकांत घुसली. गाडीतील दोघे व नऊ प्रेक्षक प्राणास मुकले. त्या नऊ जणांत पाच लहान मुले होती. त्यानंतर सार्वजनिक रस्त्यांवरील असल्या शर्यती बंद पडल्या, आणि ज्या कामासाठी मारियाना जन्मास आली ते कामच उरले नाही. लहान इंजिन म्हणजे लहान मुलांचे वाहन, हा समजही खोटा आहे. आपल्याकडे अशी गाडी चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अल्पवयी मुलाच्या हाती ती दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकांस २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता खरेदीचा प्रश्न. एखादी वस्तू दुर्मिळ आहे, हा तिचा गुण आहे की दोष, याचा विचार विकणारा कधीच करू देत नाही. बॉलबेअरिंग ठरावीक मापांचे असते, ते कोठेही मिळते. पण ती शंकूच्या आकाराची चक्रे कोणत्या दुकानात मिळणार? आमच्या परिचयाच्या सांगलीतील एका गृहस्थांनी परदेशी बनावटीची एक जुनी फटफटी मोठ्या हौसेने घेतली. मुलीच्या पुढील शिक्षणासाठी शिल्लक टाकलेली रक्कम तीत गेली. पुढे इंजिनावरील क्रमांक व नोंदणीपुस्तकातील क्रमांक जुळेनात, आणि महिन्याभरात एक दातेरी चक्र मोडले. दोन पावसाळे ती फटफटी पडवीत गोणपाटाखाली उभी होती.

सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी निराळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात, आणि मिळालेल्या क्रमांकावर रोजची ये-जा करता येत नाही. शाळेत मुलास सोडावयास जी गाडी नेता येणार नाही, तिच्यासाठी किती खर्चावे, हे ज्याने त्याने पाहावे.

मग इटलीचे नावच काढू नये काय? तसे नाही. कोर्राडिनो दास्कानिओ या विमाने रचणाऱ्या अभियंत्याने १९४६ साली ‘व्हेस्पा’ स्कूटर निर्माण केली. तिची निर्मिती बजाज कंपनीमार्फत आपल्याकडे आली, आणि १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातील कारखान्यातून त्याच वंशाची ‘प्रिया’ बाहेर पडू लागली. शर्यतीत धावण्याचा तिला अधिकार नाही, हे आम्ही जाणतो. मुले हसतील हेही जाणतो. पण तिचे सुटे भाग मिळतात, तिची नस ओळखणारे मिस्त्री अजून भेटतात, आणि बापलेकांनी रविवारी अंगणात बसून तिचे इंजिन उघडले तर सायंकाळपर्यंत ते पुन्हा जोडता येते. आमच्या मते पहिली खरेदी हीच असावी. तिच्यावर हात बसला, आणि पुढे स्वतःच्या कमाईतून मारियाना आणावीशी वाटली, तर आम्ही आडवे येणार नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आरंभी बेळगावात सायकली विकल्या, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीस, लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. दुसऱ्याने केलेले यंत्र विकता विकता स्वतः यंत्र करावयास लागणे, ही या मुलखाची जुनी खोड आहे. म्हणूनच त्या सांगलीच्या गृहस्थांस आम्ही मिरजेच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे जाण्यास सुचविले. मिस्त्रींनी सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली व म्हणाले, “चक्र कापून देतो, साहेब. मोडलेला नमुना तेवढा आणा.”

तो नमुना गृहस्थांनी गेल्याच दिवाळीत भंगारवाल्यास देऊन टाकला होता.