धुळे वसले कसे? पाणी, भूखंड आणि घर यांच्या क्रमाची गोष्ट

१/ धुळ्याच्या सरळ, समांतर, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या विश्वेश्वरय्यांनी आखल्या, असे आजही सर्रास सांगितले जाते. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले ते १८८४ मध्ये. नवे धुळे त्याच्या सहा दशके आधीपासून वसत होते. खानदेशात आज प्लॉट शोधणाऱ्या प्रत्येकाने या शहराची जन्मकथा वाचावी. #थ्रेड

२/ १८०३. होळकरी फौजांची लूट आणि त्याच वर्षीचा भीषण दुष्काळ. धुळे पूर्ण ओस पडले. पुढल्या वर्षी विंचूरकरांच्या आश्रयातील बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले आणि त्याबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली. उजाड गावात माणसे आणून वसवणे ही त्या काळी मोबदल्यास पात्र ठरणारी सेवा होती.

३/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळे हे मुख्य ठाणे म्हणून निवडले. कारण दोन: गाव मध्यवर्ती होते आणि पुण्याहून हिंदुस्थानकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. त्या वेळी तेथे घरे होती ४०१ आणि माणसे २,५०९.

४/ ब्रिग्जने कचेऱ्यांचे नकाशे आखले, दूरदूरहून कारागीर आणवले. वसायला येणाऱ्यांना घरासाठी जागा कायमची भाडेमाफ दिली. पक्की घरे बांधता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांना आणि परक्यांनाही सरकारी उचल दिली. आजच्या भाषेत बोलायचे तर जमीन फुकट आणि वर गृहकर्ज.

५/ यात औदार्य शोधू नये. उद्ध्वस्त मुलखातून महसूल हवा, तर व्यापारी हवा. व्यापारी हवा, तर बाजारपेठ हवी. हिशेब वसाहतवादीच होता. तरी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: पहिली जोखीम शासनाने पत्करली, घर बांधणाऱ्याने नंतर. १८७२ पर्यंत लोकसंख्या सुमारे साडेबारा हजारांवर गेली.

६/ पण या कथेतला मुख्य नायक ब्रिग्ज नव्हे, पाणी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हे गाव पांझरा नदी आणि पाट यांच्या मधोमध, बागायतीने वेढलेले होते. म्हणजे शहराच्या आधी पाट होता आणि पाटाच्या आधी बंधारा.

७/ हीच खानदेशची फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाळीने घ्यायचे. कोणत्या फडात ऊस लावायचा, हे एकट्या शेतकऱ्याच्या मर्जीवर नव्हते. ते पाण्यावर ठरे.

८/ आणि विश्वेश्वरय्या? तरुणपणी त्यांनी धुळे परिसरात काम केले ते पाण्याचेच: पांझरेच्या एका पाटावरील नळाचा सायफन. लोकस्मृतीने त्यांना गल्ल्या बहाल केल्या आणि पाणी विसरले. आपण शहरांकडे कसे पाहतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

९/ ब्रिग्जचे धुळे निर्दोष मुळीच नव्हते. आखीव रस्ते नव्या धुळ्याला मिळाले. जुन्या धुळ्यातील घरे वेडीवाकडी आणि गरिबाचीच राहिली. १८७२ च्या पुरात पांझरेने घरादारांचे मोठे नुकसान केले. नदीकाठी वसण्याची किंमत नदी वसूल करतेच.

१०/ आता जळगाव. कापूस आणि रेल्वे यांनी घडवलेले हे शहर १९०६ मध्ये पूर्व खानदेशचे मुख्यालय झाले. नव्वदच्या दशकात तेथील नगरपालिकेने घरकुल योजना आखली. उद्दिष्ट अकरा हजारांहून अधिक घरांचे. पूर्ण झाली त्यांतली थोडीच. २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले.

११/ दोन शतकांच्या अंतराने दोन्हीकडे सार्वजनिक पैसा घरांसाठीच निघाला. एका ठिकाणी बाजारपेठ उभी राहिली, दुसरीकडे खटला. म्हणून ‘घरे सरकारने बांधावीत की बिल्डरने?’ हा प्रश्न अपुरा आहे. खरा प्रश्न क्रमाचा आहे.

१२/ धुळ्यात क्रम होता: पाणी, रस्ता, जागा, घर. आज शहराच्या वेशीबाहेर तो उलटा झाला आहे. शेत एनए होते, मुरमाचे रस्ते पडतात, कमानीवर नाव चढते, प्लॉट विकले जातात. पाणी सर्वांत शेवटी, तेही उन्हाळ्यात अनेक दिवसांआड. मधल्या काळात बोअरवेल आणि टँकर.

१३/ यावर उत्तर येते: २०१७ पासून महारेरा आहेच. ती मोठीच सुधारणा आहे. मालकी, मंजूर नकाशा, ताब्याची मुदत हे आता खरेदीदाराला पाहता येते. पण कागद स्वच्छ असला म्हणून नळाला पाणी येत नाही.

१४/ अमेरिकेच्या वाळवंटातील फिनिक्स महानगराकडे पाहा. ॲरिझोना राज्याचा १९८० चा भूजल कायदा तेथे नव्या वसाहतीकडून शंभर वर्षांच्या पाण्याची हमी मागतो. २०२३ मध्ये राज्याने जाहीर केले की, केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना तेथे यापुढे मंजुरी नाही. घरांना मागणी प्रचंड होती, तरीही.

१५/ खानदेशाला हा नियम परका वाटू नये. फडाच्या पाटकऱ्याला तो ठाऊक होता: आधी पाणी मोजा, मग पीक ठरवा. धुळे-जळगावात नव्या लेआउटला परवानगी देताना पाण्याचा स्रोत आणि त्याची उन्हाळी क्षमता लेखी मागितली जावी, आणि ती प्लॉटच्या जाहिरातीत छापणे सक्तीचे व्हावे. घर महागेल, हा आक्षेप खरा आहे. पण टँकरचा खर्च त्या घराच्या किमतीतच धरायला हवा. आज तो फक्त लपवला जातो.

१६/ १८०३ मध्ये धुळे ओस पडले, तेव्हा घरे जागच्या जागी होती. निघून गेली ती माणसे.

#खानदेश #धुळे #जळगाव #इतिहास