वीज स्वच्छ, तसा व्यवहारही हवा

‘कोळसा नको, अणुभट्टी नको, धरण नको आणि आता पवनचक्कीही नको, मग वीज काय मंत्र म्हणून आणायची?’ पर्यावरणाची बाजू मांडणाऱ्या कुणालाही हा सवाल चुकलेला नाही. मंत्रालयात तो विचारतात, वाहिन्यांवरच्या चर्चेत विचारतात आणि दोन तास वीज गेली की घरच्या ओट्यावरही विचारतात. सूर बहुधा चिडवण्याचा असतो, पण सवाल टाकाऊ नाही. त्याला सरळ उत्तर न मिळाल्यामुळे चळवळीचे नुकसान झाले आहे आणि हवामान धोरणाचेही.

आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनिशी मांडू. २०३० पर्यंत वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता कोळसा-तेल-वायूविना उभारू, असे भारताने जगाला सांगितले होते. जून २०२५ मध्ये, म्हणजे पाच वर्षे आधीच, ते साधले. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. सूर्य मावळतो, वारा पडतो, आणि आजही देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच आहे. म्हणजे अजून पुष्कळ उभारायचे आहे. सौरऊर्जेच्या एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. ती कुणाच्या तरी गावातच सापडणार. अशा वेळी प्रत्येक प्रकल्प आंदोलनात आणि कोर्टात अडकला, तर कोळशाचे आयुष्य तेवढे वाढते. आणि हवामानबदलाचा पहिला तडाखा बसतो तो मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला, २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात छप्पर गमावलेल्या रायगडच्या बागायतदाराला. हा युक्तिवाद मी खोटा मानत नाही. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

निष्कर्ष असा काढतात की, वीज हरित असेल तर प्रकल्पाची चौकशी हवी कशाला? हे केवळ बोलण्यापुरते नाही, नियमातही तसेच आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत कोणकोणत्या प्रकल्पांना आधी मंजुरी लागते, याची यादी आहे. तीत पवनऊर्जा नाही आणि सौर पॅनेलचे प्रकल्पही नाहीत. मोठा साखर कारखाना काढायचा तर अभ्यास करावा लागतो, जनसुनावणीत लोकांची बोलणी खावी लागतात. डोंगरमाथ्यावर शंभर मेगावॉटच्या पवनचक्क्या उभारणाऱ्याला या अधिसूचनेखाली त्यातले काहीच लागत नाही.

त्याचा परिणाम पाहायचा तर खेड तालुक्यात जावे. भीमाशंकर अभयारण्याला लागून ‘आंध्रा लेक’ नावाचा ११३ मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प झाला. २००९ मध्ये त्यासाठी सुमारे १९५ हेक्टर वनजमीन वळवण्यात आली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात या प्रकल्पाची हकिगत तपशीलवार नोंदवली आहे. स्थानिक वनक्षेत्रपालाने स्वच्छ लिहून दिले होते की, हे भरपूर पावसाचे, सदाहरित, जैवविविधतेने संपन्न रान आहे. इथे मंजुरी देऊ नये. वरिष्ठांनी तो शेरा बाजूला सारला. वनखात्याच्याच हिशेबाने २८ हजार झाडे तुटली. पात्यांचे अजस्र ट्रेलर माथ्यावर नेण्यासाठी उभ्या चढणीवर रस्ते फोडले, निघालेली माती आणि दगड उतारावर तसेच ढकलून दिले. पावसाळ्यात दरडी कोसळल्या. तो राडारोडा ओढ्यांत आणि खालच्या खाचरांत उतरला. शेकरू ज्या रानात या झाडावरून त्या झाडावर झेप घेते, ते रान मधोमध चिरले गेले. वर, पिढ्यान्‌पिढ्या जिथून ये-जा चालली होती तिथे फाटक आणि पहारेकरी आले. वनहक्क कायदा २००६ चा. पण इथल्या लोकांच्या हक्कांचा निवाडा होण्याआधीच जमिनीचा निकाल लागला होता.

आता सांगा, या प्रकल्पाला विरोध करणारा पवनऊर्जेचा शत्रू ठरतो का? सह्याद्रीच्या पूर्वेला वारा काही कमी वाहत नाही. झाडे न तोडता उभ्या राहणाऱ्या जागा होत्या. निवड चुकली, आणि ती चुकते आहे हे सांगणाऱ्या अधिकाऱ्याच्या शेऱ्याला किंमत नव्हती.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुळशी पेट्यात हेच घडले. मुंबईच्या गिरण्यांना बिनधुराची वीज हवी होती आणि ती सह्याद्रीच्या पाण्यातून मिळणार होती. आजच्या भाषेत तो अस्सल हरित प्रकल्प होता. धरणाखाली पन्नासच्या आसपास गावे जाणार होती. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रहाला बसले. धरण झाले, वीज मुंबईला गेली. मोबदल्याचा मोठा वाटा ज्यांच्या नावावर जमिनी चढल्या होत्या त्या सावकारांकडे गेला; कसणारा कूळ हात हलवत परतला. मुळशीकरांना विजेचे वावडे नव्हते. वीज एकाची आणि बुडणे दुसऱ्याचे, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. तो आजही मान्य होण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप घाईचा. ‘घर पेटले असताना नियमांची पुस्तके काय चाळता?’ ऐकायला बिनतोड वाटते. पण वेळ नेमका कशात जातो ते पाहावे. राजस्थान आणि गुजरातेत माळढोकाच्या शेवटच्या अधिवासातून वीजवाहिन्या ओढल्या गेल्या. माळढोक जड पक्षी; त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो तारांना धडकून मरतो, हे अभ्यासक ओरडून सांगत होते. देशात उरलेले माळढोक दीडशेहूनही कमी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. उद्योग आणि सरकार म्हणाले, एवढ्या प्रचंड टापूत हे शक्य नाही. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली गेली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. पक्षी आणि सौरऊर्जा यांना एकमेकांसमोर उभे करण्याची ही वेळ आलीच नसती, जर तारा ओढण्यापूर्वी नकाशावर रेघ मारली असती. वर्षे गेली ती आधी न केलेल्या चौकशीपायी. माळढोकासाठीच राखलेल्या सोलापूरच्या नान्नज अभयारण्यात आता तो दिसणे दुर्मीळ झाले आहे. आपल्याला तरी हा धडा वेगळा शिकवायला नको.

जमिनीच्या व्यवहारात तर घाई आणखी महाग पडते. धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले. त्याची जमीन आधी औष्णिक प्रकल्पासाठी घेतलेली होती, पुढे त्याच जागी सौर प्रकल्प ठरला. तक्रार एवढीच होती की, शेजाऱ्याला मिळालेल्या मोबदल्याच्या मानाने आपल्याला फार कमी मिळाले. इंधन बदलले, कागद रंगवण्याची रीत तीच राहिली.

आता तिसरा पूर्वपक्ष, आणि तो आपल्याच मांडवातला आहे. काही कार्यकर्ते म्हणतात की सौर-पवन ही कंपन्यांची नवी लूट आहे, पॅनेल बनवायलाही कोळसाच जाळावा लागतो, आणि भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी असताना हे ओझे आपण का वाहायचे? यातले दरडोईचे म्हणणे वाटाघाटींच्या टेबलावर शंभर टक्के खरे आहे आणि तिथे ते ठणकावून मांडलेच पाहिजे. पण चंद्रपूरच्या माणसाच्या छातीत जाणारा धूर दरडोई सरासरीने कमी होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या क्रमवारीत चंद्रपूर देशातला चौथा सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्टा होता. जुलै २०२२ मध्ये कोराडी औष्णिक केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत पसरली. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना हा वायू रोखणारे यंत्र बसवण्यापासूनच मोकळे केले. सौर प्रकल्पाला ‘लूट’ म्हणून उडवून लावणारा नकळत या व्यवस्थेला मुदतवाढ देतो. पॅनेल बनवताना खर्ची पडलेली ऊर्जा ते आपल्या उन्हात दोनेक वर्षांत फेडते आणि पुढे वीसहून अधिक वर्षे वीज देते. कोळशाचे असे कधी फिटत नाही. लूट होत असेल तर लुटीला विरोध करावा. उन्हाने काय घोडे मारले आहे?

खंडन इथे पुरे. आता आम्हाला हवे काय, ते सांगितलेच पाहिजे.

महाराष्ट्रात कृषिपंपांचे ग्राहक ४५ लाखांच्या घरात आहेत. त्यांतल्या पुष्कळांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीचा आठवडा म्हणजे काय, हे ज्याने दारे धरली आहेत त्यालाच ठाऊक. रात्री बाराला लाइट येते, माणूस बॅटरी घेऊन बांधाने निघतो, स्टार्टर दाबतो. सरीत पाणी शिरते न शिरते तोच डीपीवरचा फ्यूज जातो, की मोटार बंद. गारठ्यात तो तसाच बसून राहतो. उसात बिबट्या, पायाखाली घोणस. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात दिवसा वीज ही मागणी जिवाच्या भीतीने केलेली आहे. या माणसाला हवी ती वीज नेमकी तेव्हाच हवी, जेव्हा ऊन असते. साठवणुकीची बॅटरी लागत नाही, रान तोडावे लागत नाही, शेकडो किलोमीटर वाहिन्या ओढाव्या लागत नाहीत. गावच्या उपकेंद्राजवळ काही एकरांवर पॅनेल बसवले की त्या फीडरवरचे पंप दिवसा चालतात.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमके हेच करू पाहते. २०१७ मध्ये ती आली, २०२३ मध्ये तिचा विस्तार झाला. खासगी जमीन विकावी लागत नाही. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, असा तिचा करार आहे. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. कर्नाटकात पावागडचा २,०५० मेगावॉटचा सौरपार्कही सुमारे तेरा हजार एकर जमीन भाड्याने घेऊनच उभा राहिला. म्हणजे सक्तीचे भूसंपादन न करताही मोठे काम होते, हे सिद्ध झालेले आहे. या दिशेला चळवळीने उघड पाठिंबा द्यायला हवा. हातचे राखून नव्हे.

पाठिंबा द्यायचा तो डोळे उघडे ठेवून. पावागडात जमीनधारकाला भाडे मिळाले, पण त्याच्या रानात राबणाऱ्या भूमिहीन मजुराचा रोजगार बुडाला आणि त्याच्या नावाने कुठलाच करार नव्हता. आपल्याकडे या योजनेसाठी सरकारी आणि गायरान जमिनीही दिल्या जातात. सातबाऱ्यावर गायरान ‘पडीक’ दिसते. प्रत्यक्षात तिथे धनगराची मेंढरे चरतात, तिथे दलित भूमिहीनांनी दगड वेचून शेते केलेली असतात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो अशाच जमिनींसाठी. त्या लढ्यातून ज्यांच्या पदरी एक-दोन एकर आले, त्यांनाच ‘हरित’ नोटीस देऊन उठवायचे असेल, तर ती वीज कितीही स्वस्त पडली तरी महाग आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जागा निवडताना आधी छपरे, औष्णिक केंद्रांच्या ताब्यातल्या मोकळ्या जमिनी, बंद खाणी, उपकेंद्राशेजारची हलकी राने. डोंगरमाथे आणि माळराने शेवटी, आणि अभयारण्यांच्या कडा मुळीच नाहीत. मोठ्या पवन-सौर प्रकल्पांना परिणाम मूल्यमापनाच्या यादीत आणावे. त्यासाठी मुदत बांधून द्यावी, पण सुनावणी टाळू नये. जमीन भाडेपट्ट्यावरच घ्यावी आणि भाड्याचा एक हिस्सा गावातल्या भूमिहीन कुटुंबांसाठी राखावा. घाटात पाणी वर चढवून वीज साठवणारे पंप साठवण प्रकल्प करायचेच असतील तर आधी असलेल्या जलाशयांच्या जोड्या वापराव्यात. कोयनेचे जुने विस्थापित अजून पुनर्वसनासाठी बसलेले असताना नवी गावे उठवू नयेत.

चळवळीनेही स्वतःवर एक अट घालून घ्यावी. एका जागेला ‘नको’ म्हणताना त्याच निवेदनात दुसरी जागा सुचवावी, ती का बरी हे आकड्यांनिशी सांगावे, आणि तिथे प्रकल्प आला तर त्याच्या बाजूने उभे राहावे. त्याशिवाय सुरुवातीचा सवाल आपला पिच्छा सोडणार नाही, आणि सोडूही नये.

वाचकांना विनंती एवढीच. उद्या तुमच्या ग्रामसभेत सौर प्रकल्पाचा ठराव येईल तेव्हा चार गोष्टी विचारा: जमीन कुणाच्या वहिवाटीत आहे, भाडे किती आणि किती वर्षांसाठी, गुरे-मेंढरे कुठे जाणार, आणि वीज आपल्या फीडरला मिळणार की नाही. उत्तरे पटली नाहीत तर ठराव रोखून धरा. पटली, तर हात वर करायला मागेपुढे पाहू नका.