जमीन घेतली, आता अर्जही अडवणार?

सार्वजनिक धोरण हा विषय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात येण्याच्या कितीतरी आधी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांनी तो स्वतःच्या सातबाऱ्यावर शिकून घेतला होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी भातशेती व मिठागरे संपादित होऊ लागली. तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध शेतकरी उभा राहिला, तेव्हा १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर १९९० साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण शासनाला स्वीकारावे लागले. हे धोरण कोणा तज्ज्ञाच्या टिपणातून आलेले नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्याने ते शासनाकडून वसूल केले आहे.

त्याच भूमीवर आता विद्येची बाजारपेठ उभी राहत आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा आदी दहा गावांतील कुटुंबांना घरे सोडावी लागली. या विमानतळाजवळ परदेशी विद्यापीठांची शिक्षणनगरी वसवण्याची योजना असून १४ जून २०२५ रोजी पाच परदेशी विद्यापीठांना मुंबईत इरादापत्रे देण्यात आली. इकडे पवईच्या आयआयटीत सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी मिळते. कालिन्यातील मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने तर आपल्या नावातच हा विषय घेतला आहे. अशा वर्गांतून बाहेर पडणारे तरुण उद्या मंत्रालयात, सल्लागार कंपन्यांत आणि विकास प्राधिकरणांत बसून आणखी कोणाच्या तरी जमिनीचा आराखडा काढतील. म्हणूनच या वर्गांत कोणी बसावयाचे, हा प्रश्न केवळ प्रवेशाचा नाही, सत्तेचा आहे.

या वर्गांच्या दारावरचा प्रवेश अर्ज वाचून पाहावा. बहुतेक नामांकित संस्थांना अस्खलित इंग्रजीत लिहिलेले उद्देशपत्र हवे असते. शिफारसपत्रे हवी असतात, आणि ती देऊ शकणारी वजनदार माणसे ओळखीची असावी लागतात. कार्यानुभव हवा असतो. पण तो बहुधा बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर केलेल्या उमेदवारीचा. बापाच्या जिवावर वर्षभर दिल्लीत राहू शकणाऱ्यालाच तो परवडतो. खाजगी संस्थांची फी तर लाखांच्या घरात जाते. ज्या मुलीने आजोबांच्या भूखंडासाठी सिडकोच्या कार्यालयात दहा वर्षे खेटे घातले, भूसंपादनाच्या नोटिसा वाचून सगळ्या पाड्याला समजावून सांगितल्या, ग्रामसभेचे ठराव लिहिले, तिच्या या अनुभवासाठी अर्जात रकानाच नसतो. धोरण ज्यांनी सोसले ते अननुभवी, आणि ज्यांनी त्यावर वातानुकूलित खोलीत चित्रफिती दाखवल्या ते अनुभवी!

भाषेचे दार तर उघडपणेच बंद आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी होणारी सामाईक परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते. पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत मात्र भाषाविषय वगळता प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजी आणि हिंदीत असतात. पदवीपर्यंत मराठीत विचार करू शकणारा विद्यार्थी तीन वर्षांनी मराठीत विचार करण्यास अपात्र कसा ठरतो, याचे उत्तर कोणी देत नाही.

यावर प्रस्थापितांचे ठरलेले उत्तर म्हणजे गुणवत्ता. पण वाशीच्या इंग्रजी शाळेत आणि खाजगी शिकवणीत विकत घेतलेल्या सफाईला गुणवत्ता म्हणावयाचे, आणि चार शासन निर्णयांतील विसंगती शोधून अधिकाऱ्याला निरुत्तर करणाऱ्या बुद्धीला अडाणीपणा म्हणावयाचे, ही निवड नव्हे. ही वर्गाची राखण आहे.

चळवळीतील काही मंडळींची भूमिकाही तितकीच घातक आहे. धोरण रस्त्यावर घडते, पदव्यांची गरज काय, असे ते म्हणतात. रायगडच्याच इतिहासाने त्यांना उत्तर दिलेले आहे. १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी वर्षानुवर्षे जमिनी न कसता खोतशाहीशी झुंज दिली. त्याच काळात, १९३७ साली, मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर १९१५ साली प्रबंध लिहिणारा हा विद्वान शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा रस्त्यावरच्या मागणीला कायद्याची भाषा मिळाली. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांची होती, पण वाट सार्वजनिक पैशाने मोकळी केली होती.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सिडकोच्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी राखीव जागा आणि पूर्ण शुल्कमाफी हवी. प्रवेश परीक्षा आणि उद्देशपत्र मराठीत देण्याचा हक्क हवा. ग्रामसभा, कामगार संघटना, पुनर्वसनाचा लढा यांतील काम कार्यानुभव म्हणून मोजले गेले पाहिजे. भूखंड देताना या अटी करारात लिहून घेता येतात. जमीन हातची गेल्यावर विनंतीअर्जच उरतात, हे या पट्ट्याइतके कोणाला ठाऊक आहे?

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील दोनचार हुशार पदवीधर हेरावेत, त्यांचे अर्ज एकत्र बसून लिहून घ्यावेत, प्राध्यापक मित्रांकडून शिफारसपत्रे मिळवावीत, परीक्षेच्या शुल्काची वर्गणी काढावी. मोर्च्यासाठी जी शाखा शंभर माणसे गोळा करू शकते, तिला चार अर्ज भरून घेणे अवघड नाही. गावाच्या भवितव्याचा नकाशा ज्या टेबलावर काढला जातो, त्या टेबलाशी यापुढे गावचा माणूस बसलाच पाहिजे.