वेतन वाढले, निवृत्तिवेतन गेले ते गेलेच

विमाने बनविणाऱ्या बोइंग कंपनीच्या अमेरिकेतील सुमारे ३३ हजार कुशल कामगारांनी २०२४ मध्ये ५३ दिवसांचा संप करून चार वर्षांसाठी ३८ टक्के वेतनवाढ पदरात पाडून घेतली. कामगार चळवळीचे दिवस संपले, असे म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर होते. मात्र ज्या मागणीसाठी अनेक कामगार हट्टाला पेटले होते, ती जुने निवृत्तिवेतन पुन्हा सुरू करण्याची मागणी व्यवस्थापनाने शेवटपर्यंत मान्य केली नाही. या लढ्याचा खरा धडा त्या नकारात दडलेला आहे.

मुळात हे निवृत्तिवेतन गमावले गेले ते दहा वर्षांपूर्वीच्या मतदानात. ‘७७७-एक्स’ हे नवे विमान सिएटल परिसरात बांधायचे असेल तर निवृत्तिवेतनावर पाणी सोडा, अन्यथा उत्पादन दुसरीकडे नेऊ, अशी भूमिका कंपनीने २०१३ मध्ये घेतली. हा इशारा पोकळ नव्हता. साऊथ कॅरोलिनात मशिनिस्ट संघटनेचा करार लागू नसलेला बोइंगचा कारखाना तेव्हा सुरू झालेला होता. नोव्हेंबरमध्ये ६७ टक्के कामगारांनी प्रस्ताव फेटाळला. पण जानेवारी २०१४ मध्ये जेमतेम ५१ टक्के मतांनी तो संमत झाला. रोजगार टिकला, पण त्याची किंमत म्हातारपणाच्या शाश्वतीने चुकवावी लागली.

जुन्या योजनेत निवृत्तीनंतर ठरावीक रक्कम दरमहा देण्याची हमी कंपनीची होती. बाजार पडला तरी भार कंपनीच्याच शिरावर. तिच्या जागी आलेल्या ‘४०१-के’ योजनेत कामगार आणि कंपनी आपापला वाटा खात्यात भरतात. पुढे हाती काय येईल, हे गुंतवणुकीच्या नशिबावर अवलंबून असते. थोडक्यात, जोखीम मालकाकडून मजुराकडे सरकली.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२४ मध्ये कराराची मुदत संपली, तेव्हा कामगारांचे पारडे जड होते. त्याच वर्षी ५ जानेवारीला ‘७३७ मॅक्स ९’ विमानाच्या दाराच्या जागी बसवलेला भाग उड्डाणात निखळून पडल्याने कंपनीची अब्रू वेशीला टांगली गेली होती आणि तिला अनुभवी हातांची नितांत गरज होती. साहजिकच २५ टक्के वाढीचा प्रस्ताव ९४.६ टक्के मतांनी धुडकावण्यात आला आणि १३ सप्टेंबरला संप सुरू झाला. महिनाअखेरीस संपकऱ्यांचा आरोग्य विमा बंद झाला; संघटनेकडून मिळणारे साहाय्य आठवड्याला अवघे २५० डॉलर होते. तरीही २३ ऑक्टोबरला ६४ टक्के कामगारांनी ३५ टक्क्यांचा प्रस्तावही नाकारला. अखेर ४ नोव्हेंबरला ५९ टक्के मतांनी समेट झाला.

या कराराने बरेच काही दिले. १३, ९, ९ आणि ७ टक्के अशी चार वर्षांची वाढ एकावर एक चढत असल्याने प्रत्यक्षात ती ४३ टक्क्यांवर जाते. कंपनीच्या हिशेबानुसार सरासरी वार्षिक वेतन ७५,६०८ डॉलरवरून १,१९,३०९ डॉलरवर पोहोचेल. शिवाय १२ हजार डॉलरचा एकरकमी बोनस आणि ‘४०१-के’मध्ये कंपनीचा वाढीव वाटाही मिळाला.

मग निवृत्तिवेतनच का नाही? वेतनवाढीचा खर्च कराराच्या मुदतीपुरता मोजता येतो. निवृत्तिवेतन हे कामगार हयात असेपर्यंतचे देणे असते. त्या तिमाहीत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसलेली आणि बाजारातून भांडवल उभारू पाहणारी कंपनी असे बंधन पुन्हा गळ्यात अडकवून घेणे कठीणच होते.

हा पेच महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन मिळावी, यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर होते. अर्थात तेथे मालक सरकार असल्याने मतपेटीचा धाक तरी असतो. खासगी कारखान्यातील कामगाराला तोही नाही. वेतनाची मागणी प्रत्येक कराराच्या वेळी नव्याने मांडता येते. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र एकदा सोडला की नंतर संप जिंकूनही तो परत मिळेलच असे नाही. त्यामुळे नोकरी जाण्याच्या भीतीपोटी असा हक्क सोडण्याची वेळ येते, तेव्हाच संघटनेची खरी कसोटी लागते.